होरायझन, वाइडलक्स आणि त्यांचा हट्टी ड्रम: पॅनोरमा फिल्म कॅमेरा घरी कसा दुरुस्त करायचा

जुना पॅनोरमा कॅमेरा घेतला की पहिला रोल धुवून येईपर्यंत माणूस खूश असतो. मग स्कॅन उघडले की आभाळात उभे पट्टे, एका टोकाला पांढुरका धूर, कुठं अख्ख्या फोटोभर आडवी रेघ, दोन फ्रेम एकमेकींवर चढलेल्या, आणि लगेच प्रश्न की कॅमेरा गेला का. बहुतेक वेळा गेलेला नसतो हो. सुकलेलं ग्रीस, आत अडकलेला फिल्मचा तुकडा, उजेड अडवणारी पण झिजलेली मखमल नाहीतर फिल्मच चुकीची लावलेली, बरंचसं एवढ्यातच असतं. पण स्क्रूड्रायव्हर उचलायच्या आधी निगेटिव्ह वाचता आली पाहिजे, कारण या कॅमेऱ्यात बिघाड कुठं आहे ते निगेटिव्हच सांगते आणि उगाच उघडलेला कॅमेरा बंद करणं उघडण्यापेक्षा फार अवघड असतं.

मी इथं मुख्यतः फिरत्या लेन्सच्या कॅमेऱ्यांबद्दल लिहितोय. म्हणजे मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला जुना धातूचा होरिझॉन्ट, त्यानंतरचा प्लॅस्टिक अंगाचा होरायझन २०२, आणि जपानच्या पॅनॉन कंपनीचे वाइडलक्स एफ ७, एफ ८ वगैरे. एक्सपॅन आणि नोब्लेक्स या दुसऱ्या पॅनोरमा कॅमेऱ्यांबद्दल शेवटी थोडंसं.

आधी आत काय चालतं ते बघा

लेन्स एका उभ्या ड्रममध्ये बसवलेली असते आणि ड्रमच्या मागच्या बाजूला एक उभी बारीक फट असते. बटण दाबलं की ड्रम फिरतो आणि ती फट फिल्मवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, अंगण एका कडेनं झाडत जावं तशी. फिल्म सपाट नसते, ड्रमभोवती कमानीसारखी वळवलेली असते. होरायझनची लेन्स २८ मिमीची, फिल्मही ड्रमच्या आसापासून साधारण तेवढ्याच अंतरावर, म्हणजे २८ मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर घेर येतो साधारण १७६ मिमी, कॅमेरा बघतो १२० अंश म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा, म्हणून फ्रेम २४ बाय ५८ मिमीची. वाइडलक्सची लेन्स २६ मिमी आणि फ्रेम ५९ मिमी. हा हिशोब डोक्यात ठेवा कारण पुढं सगळं यावरच आहे.

दुसरी गोष्ट एक्सपोजरची. फिल्मच्या एका ठिपक्यावर किती उजेड पडला हे दोनच गोष्टींवर ठरतं, फट किती रुंद आहे आणि ती किती वेगानं सरकतेय. होरायझन २०२ मध्ये हळू आणि जलद असे दोन वेग आहेत, त्यात फटीची रुंदी बदलून १/२, १/४, १/८ आणि १/६०, १/१२५, १/२५० असे सहा शटर स्पीड मिळतात. वाइडलक्सला तीनच, १/१५, १/१२५ आणि १/२५०. आता ड्रम मधेच जरा जरी रेंगाळला तरी त्या जागी फिल्मला उजेड जास्त मिळणार आणि फोटोत तिथं उजळ उभा पट्टा येणार. साध्या कॅमेऱ्यात शटर थोडं संथ झालं तर अख्खा फोटो थोडा उजळ येतो, कोणाला कळतही नाही, इथं मात्र ड्रमचा प्रत्येक धक्का चित्रात छापला जातो.

फुकटातली तपासणी, रोल न घालता

मागचं झाकण उघडा, कॅमेऱ्याचं तोंड उजेडाच्या भिंतीकडं किंवा खिडकीकडं करा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) पूर्ण उघडा आणि मागून बघत फिल्म पुढं नेणारी लिव्हर ओढा. ओढताना ड्रम उलटा परत जातो, त्यावेळी फटीतून उजेड अजिबात दिसता कामा नये. दिसला तर फट बंद ठेवणारा पडदा अडकलाय आणि प्रत्येक फ्रेमवर धूर का येतोय याचं उत्तर तुम्हाला मिळालं. मग बटण दाबा, उजेडाची एक उभी रेघ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरळ जायला हवी.

आता हेच मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट करा, २४० फ्रेमवर. कॅमेरा ट्रायपॉडवर, मोबाइल कशाला तरी टेकवून. नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढं नेत मोजायचं, रेघेला सुरुवातीच्या कडेपासून मधोमध यायला किती फ्रेम लागल्या आणि मधून शेवटपर्यंत किती. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर ड्रम ठीक आहे. समजा पहिल्या अर्ध्याला ३० आणि दुसऱ्याला ४२ आले तर ड्रम शेवटाकडं दमतोय, म्हणजे कुठंतरी घासतंय. उलट सुरुवातीलाच जास्त फ्रेम लागत असतील तर फट फिल्मच्या कडेला पोचेपर्यंत ड्रमनं वेग पकडलेला नाही, मग फोटोच्या एका टोकाला उजळ पट्टा ठरलेला. प्रत्येक स्पीडला तीन-चार वेळा करा, एकदाच बघून निष्कर्ष काढू नका, खास करून कॅमेरा वर्षभर कपाटात पडून असेल तर पहिले काही शॉट आळशी येतातच, दहा-वीस वेळा चालवल्यावर तो जरा मोकळा होतो. १/२ ला ड्रम खूपच सावकाश जातो, घर्र आवाज करत, तो आवाज एकसारखा असेल तर घाबरायचं कारण नाही. आवाजात लय तुटत असेल, घर्र-घर्र-टक असं काही, तर तिथं कान द्या.

उभे पट्टे

सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि वाइडलक्स तर यासाठी बदनामच आहे. पण थांबा, पट्टे दिसले की कॅमेरा उघडायचा नाही. आधी विचारा फोटो कुठं काढला होता. ट्यूबलाइट किंवा स्वस्तातल्या एलईडीखाली काढला असेल तर पट्टे येणारच, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि सरकणारी फट ते सगळं इमानदारीत फिल्मवर उतरवते. एकसारख्या अंतरावर, शिस्तीत आलेले पट्टे आणि फोटो घरातला, मंगल कार्यालयातला किंवा लोकलच्या स्टेशनावरचा, तर कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. म्हणून टेस्ट कायम दिवसाच्या उजेडात, निरभ्र आभाळ किंवा उन्हातली पांढरी भिंत, प्रत्येक स्पीडला दोन-दोन फ्रेम, आणि कुठली फ्रेम कुठल्या स्पीडची ते वहीत लिहून ठेवायचं.

मग निगेटिव्हच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवून बघा. पट्टा प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी येतोय का? येत असेल तर ड्रम त्या एका जागी घासतोय किंवा एखाद्या गिअरच्या एका दातात काहीतरी आहे. पट्टे ठराविक अंतरानं परत परत येत असतील आणि हे दिवसाच्या उजेडातही होत असेल तर एखादा छोटा गिअर फिरताना दर फेरीला अडखळतोय, घाण किंवा सुकलेलं ग्रीस. पट्टे कधी इथं कधी तिथं असतील तर मी आधी ड्रमच्या कडेची मखमल बघतो, तिचे सुटे धागे कधी अडकतात कधी नाही. आणि फक्त हळू स्पीडलाच त्रास असेल, जलद एकदम स्वच्छ, तर वेग रोखून धरणारी जी गव्हर्नरची चाकं आहेत तिथला प्रश्न, बाकीच्या कॅमेऱ्याला हात लावायची गरज नाही.

साफसफाई बाहेरून सुरू करा. ब्लोअरनं ड्रमच्या वरच्या आणि खालच्या फटीत हवा मारा, तोंडानं फुंकू नका, थुंकी जाते. कॉम्प्रेस्ड एअरचे डबेही नकोत, त्यातून कधी कधी गार द्रव उडतो तो थेट लेन्सवर जातो. मऊ बारीक ब्रशनं कडा झाडा. लेन्स टिश्यूची अरुंद पट्टी कापून ड्रम आणि बॉडीच्या मधल्या जागेत हलकेच सरकवून ओढा, इतकं धूळ-धागे-फिल्मचा भुगा निघतो की आश्चर्य वाटेल. बऱ्याच कॅमेऱ्यांचे पट्टे एवढ्यावरच जातात, मग परत तो स्लो मोशनचा व्हिडिओ काढून आधीच्याशी ताडून बघा.

नाही गेले तर गिअर. इथं स्वतःला खरं विचारा की याआधी एखादा साधा, मेला तरी चालेल असा कॅमेरा उघडून परत चालू केलाय का. नसेल केला तर पहिला पॅनोरमा कॅमेऱ्यावर नको. केला असेल तर तुमच्या मॉडेलची आकृती किंवा दुसऱ्या कोणी उघडतानाचे फोटो शोधून समोर ठेवा, कारण होरिझॉन्ट, २०२ आणि वाइडलक्स तिन्ही आतून वेगवेगळे आहेत. हत्यारं चांगली हवीत, रशियन कॅमेऱ्यात बहुतेक सपाट खाचेचे स्क्रू असतात, त्याला घड्याळवाल्यांचा बरोब्बर मापाचा स्क्रूड्रायव्हर, आणि जपानी कॅमेऱ्याच्या फुलीच्या स्क्रूला जपानी मापाचा, जेआयएस टोकाचा, साध्या फिलिप्सनं डोकं खरवडतं. उघडायच्या आधी शटर सोडून द्या, लिव्हर ओढलेल्या अवस्थेत कॅमेरा उघडायचा नाही, स्प्रिंगमध्ये ताण भरलेला असतो. दर पायरीला मोबाइलवर फोटो. स्क्रू निघाले तसे कागदावर कॅमेऱ्याचं चित्र काढून त्या त्या जागी चिकटपट्टीनं चिकटवत जा, सगळे एका वाटीत टाकलेत तर लांबीचे घोळ होतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या चाकाला जाऊन टेकतो.

गिअर शक्यतो सुटे करू नका. जागच्या जागी साफ होतात. घड्याळवाले वापरतात ते व्हाइट पेट्रोल किंवा लायटरचं फ्ल्युइड, त्यात ब्रशचं टोक बुडवून, कागदावर टिपून, दात एकेक करून घासायचे, खाली टिश्यू धरायचा म्हणजे विरघळलेलं ग्रीस टिश्यूत जातं. बाटली तिरकी करून आत ओतायचं नाही, ते ड्रममध्ये उतरलं तर फटीच्या पात्यांवर आणि लेन्सवर तेलकट थर बसतो आणि मखमलीचा गोंद सुटतो. खिडकी उघडी ठेवा आणि देवापुढची उदबत्ती, गॅस सगळं बंद, हे पेट्रोलच आहे. गिअर काढावाच लागला तर आधी शेजारच्या दोन्ही चाकांच्या दातांवर बारीक मार्करनं खूण करा, नाहीतर परत बसवल्यावर फट आणि पडदा यांचा मेळ लागणार नाही.

तेल. इथं लोक वाट लावतात. शिलाई मशीनचं तेल नको, ते पसरत पसरत सगळीकडं जातं, आणि डब्ल्यूडी ४० तर अजिबातच नको, आज गुळगुळीत वाटेल आणि काही महिन्यांत आधीपेक्षा घट्ट होईल. घड्याळाचं तेल, सुईच्या टोकावर मावेल एवढं, फक्त चाकांच्या आसांना. दातांना तेल नको. जिथं आधी ग्रीस होतं तिथं हलकं ग्रीस अगदी पुसटसं. शंका आली की कमीच लावा, कोरडा स्वच्छ गिअर तेलात भिजलेल्या गिअरपेक्षा बरा चालतो.

आणि एक गोष्ट जी काही दुरुस्तीवालेही करतात, ड्रम संथ झाला म्हणून मुख्य स्प्रिंगचा ताण वाढवून द्यायचा. करू नका, करू देऊ नका. घासतंय ते घासतच राहतं, वर जोर वाढल्यामुळं ड्रम झटक्याझटक्यानं पळतो, पट्टे वाढतात, सगळे स्पीड बिघडतात. आधी घर्षण काढायचं. सगळं स्वच्छ करूनही ड्रम सारख्या वेगानं पण सगळीकडं संथच असेल, तेव्हाच स्प्रिंगचा विचार, आणि तेव्हासुद्धा मी तो माणूस बघूनच देईन.

ड्रम मधेच थांबला

बोटानं ढकलायचा नाही. हे भिंतीवर लिहून ठेवा. लेन्सच्या कडेला बोट लावून ड्रम पुढं नेला की गव्हर्नरच्या दातांवर उलटा जोर येतो. आधी कॅमेरा कवटाळून न बसता टेबलावर ठेवा, शटर बटण पूर्ण दाबून धरा, जलद स्पीडवर न्या, जरा हलकेच तळव्यावर ठोका. सुटला तर सुटला. नाही सुटला तर खोलीच्या तापमानात एखादा तास राहू द्या, लेह-स्पितीला किंवा थंडीत बाहेर असाल तर ग्रीस घट्ट झालेलं असण्याचीच शक्यता जास्त, जॅकेटच्या आत ठेवा. मात्र हेअर ड्रायर नको, लेन्सचे गोंद आणि प्लॅस्टिक दोन्हीला ते झेपत नाही.

फिल्म आत असताना थांबला असेल तर लिव्हरवर जोर देऊन काही होणार नाही, उलट फिल्मची भोकं फाटतील आणि त्याचे कपचे आत पडतील, मग तेच कपचे पुढच्या वेळी ड्रम अडवतील. रिवाइंडचं बटण दाबून हलक्या हातानं फिल्म मागं घ्या. मागं येत नसेल तर चेंजिंग बॅग, म्हणजे आत हात घालून काम करायची काळी पिशवी, आणि ती नसेल तर रात्री बाथरूम, दाराखाली टॉवेल, दिवा बंद, झाकण उघडून फिल्म हातानं काढून डबीत. मग उजेडात कॅमेरा पालथा धरून ब्लोअर, आणि चिमट्यानं तुकडे शोधा. फिल्मला जिथं भोकं फाटली आहेत तिथले तुकडे किती असायला हवेत ते मोजता येतं, तेवढे मिळाल्याशिवाय पुढचा रोल घालू नका.

सवय एकच ठेवा, आधी लिव्हर ओढायची मग स्पीड बदलायचा, आणि ड्रम फिरत असताना कुठल्याच खटक्याला हात नाही.

फिल्म लावणं, म्हणजे निम्मे "बिघाड"

होरायझन २०२ आणि वाइडलक्स दोन्हीत फिल्म कमानीच्या दोन्ही टोकांना असलेल्या रोलरच्या खालून गेली पाहिजे, म्हणजे रोलर आणि बॉडी यांच्या मधून. साध्या एसएलआर कॅमेऱ्याची सवय असलेला माणूस फिल्म वरून सरळ ओढतो आणि झाकण लावतो, मग फिल्म कमानीवर बसतच नाही, मधे पोकळ राहते, फोटो काही ठिकाणी धुरकट, काही ठिकाणी ओरखडे, आणि लिव्हर जड लागते. लोकांना वाटतं लेन्स खराब आहे.

फिल्म घातल्यावर रिवाइंडची मूठ रिवाइंडच्याच दिशेनं हलकेच फिरवून ढिलाई काढून घ्या आणि झाकण लावून लिव्हर ओढताना ती मूठ फिरतेय का बघा. फिरत नसेल तर फिल्म पुढं जात नाहीये.

फ्रेम एकमेकींवर चढत असतील तर एक वाया गेलेला रोल घ्या आणि झाकण उघडं ठेवून चालवा. दर वेळी लिव्हर ओढली की फिल्मवर मार्करनं एका ठरलेल्या जागी खूण करा. नंतर फिल्म बाहेर काढून दोन खुणांमधली भोकं मोजा. ३५ मिमी फिल्मच्या दोन भोकांमधलं अंतर ४.७५ मिमी, म्हणून साध्या फ्रेमला ८ भोकं पुरतात, पण ५८ मिमीच्या फ्रेमला मधल्या जागेसकट कमीत कमी १३ लागणारच, १२ म्हणजे ५७ मिमी, पुरणारच नाहीत. प्रत्येक वेळी आकडा तोच आला पाहिजे. कधी १३ कधी ११ येत असेल तर दातेरी चाकावरून फिल्म घसरतेय. दातांवर फिल्मचा भुगा बसलाय का, दात झिजलेत का, रिवाइंडचं बटण आत अडकून राहिलंय का, या क्रमानं बघा, आणि बटण अडकलेलं असणं हे सगळ्यात जास्त वेळा निघतं, कडेनं स्वच्छ करून दोन-चारदा दाबलं की सुटतं. ३६ च्या रोलमध्ये २१-२२ च फोटो बसतात, तेविसाव्यासाठी लिव्हर ताणून भोकं फाडू नका.

आडवी रेघ

फोटोभर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच उंचीवर रेघ असेल तर दोनच संशयित. एक, फिल्मवर ओरखडा. दोन, फटीत अडकलेला कण, कारण फट सरकते आणि तो कणही तिच्याबरोबर पूर्ण फ्रेमभर सावली ओढत नेतो. ओळखायचं कसं, निगेटिव्हवर दोन फ्रेमच्या मधली कोरी जागा बघा. रेघ तिथंही चालू राहिली तर ओरखडा, फ्रेमबरोबर संपली तर फटीतला कण. शिवाय होरायझनमध्ये कणाची रेघ १/२५० ला जास्त ठळक दिसते कारण तेव्हा फट सगळ्यात अरुंद असते.

कण काढायला अ‍ॅपर्चर उघडा ठेवून सगळ्यात रुंद फटीचा स्पीड लावा, मागून ब्लोअर मारा, मग अगदी कोरडा मऊ ब्रश वरून खाली एकदाच. फटीची पाती पातळ असतात, वाकली तर त्या उंचीवर कायमची उजळ किंवा गडद रेघ विकत घेतली समजा, म्हणून कापसाची काडी, टूथपिक असलं काही घालू नका. ओरखडा असेल तर कमान आणि रोलरवरून नखाचा मऊ भाग फिरवून खरखर कुठं लागते ते शोधा. बहुतेकदा चिकटलेला फिल्मचा चुरा असतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं जातो. रोलर फिरत नसेल तर तोच फिल्म खरवडतोय, त्याच्या टोकांना साफ करा.

उजेड शिरतोय

आत कुठून शिरतोय हे शोधायला ४०० आयएसओचा रोल घाला, लिव्हर ओढा आणि कॅमेरा उन्हात धरा, शटर दाबायचं नाही. एका फ्रेमला फक्त समोरून ऊन, दुसऱ्याला मागून, तिसऱ्याला वरून, चौथ्याला खालून, प्रत्येकी दोन मिनिटं, मधे लेन्सला टोपी किंवा काळं कापड लावून शटर सोडायचं आणि पुढं जायचं. धुवून आल्यावर काळी पडलेली फ्रेम दिशा सांगते.

मागून येत असेल तर झाकणाच्या खाचा. जुना फोम चिकट काळा चिखल झालेला असतो, तो अल्कोहोल आणि लाकडी काडीनं खरवडून काढायचा, खाली टिश्यू धरून, कारण तो ड्रममध्ये पडला तर नवीन काम. खाचेत काळी जाड लोकर गोंदाच्या बारीक रेघेवर बसवली की काम होतं, बिजागरीच्या बाजूला काळी पातळ मखमल. जास्त जाड लावलं तर झाकण नीट बसणार नाही आणि होरायझन २०२ चं प्लॅस्टिक झाकण तसंही जरा लवचीकच आहे. तातडीला काळी इलेक्ट्रिकल टेप बाहेरून, दिसायला वाईट पण चालते.

समोरून येत असेल तर ड्रमच्या कडेची मखमल गेलीय. ती बदलायला ड्रमपर्यंत उघडावं लागतं आणि नवीन मखमल जाडीला जराशी जास्त झाली तर ड्रम घासून परत उभे पट्टे, म्हणजे एक रोग घालवून दुसरा आणला. हे काम मी जाणत्या माणसाकडं देतो. तोपर्यंत उपाय सोपा, लिव्हर ओढून कॅमेरा गळ्यात घालून उन्हात फिरायचं नाही, फोटो काढायच्या क्षणीच ओढायची.

लेन्स, बुरशी, पाणसळ

आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी येते आणि ड्रममध्ये हवा खेळत नसल्यानं इथं जरा लवकरच. समोरच्या काचेवर असेल तर लेन्स क्लीनरनं पुसा. आत असेल तर लेन्स ड्रममधून काढायचा मोह आवरा. ती फक्त फोकसलाच बसवलेली नसते, ड्रम ज्या आसाभोवती फिरतो त्या आसावर लेन्सचा मागचा नोडल बिंदू यावा लागतो, तरच फट सरकताना चित्र फिल्मवर स्थिर राहतं. जागा चुकली की चित्र आडवं फरफटतं. हे ओळखता येतं बरं का, विजेचे खांब, दारं-खिडक्यांच्या उभ्या कडा धूसर पण आडव्या कडा स्वच्छ, असं दिसलं तर कोणीतरी आधी लेन्स काढून बसवलेली आहे. सेकंडहँड घेताना हे नक्की बघा. दोन्ही कडा धूसर असतील तर तो फोकसचा किंवा फिल्म नीट न बसल्याचा मामला. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून कॅमेरा ठेवा, जेलचा रंग बदलला की तव्यावर गरम करून परत वापरा, आणि कॅमेरा शटर सोडलेल्या अवस्थेतच ठेवायचा.

व्ह्यूफाइंडरमधल्या बुडबुड्यावर विश्वास ठेवायच्या आधी हार्डवेअरच्या दुकानातली पाणसळ कॅमेऱ्याच्या तळाला लावून दोन्ही ताडून बघा. क्षितिज तिरकं नसून वळलेलं येत असेल, केळ्यासारखं, तर कॅमेरा पुढं-मागं झुकलेला होता, त्यात बिघाड काही नाही. जुन्या होरिझॉन्टमधला बुडबुडा आटलेला असेल तर छोटी चिकटवायची पाणसळ वर लावून मोकळे व्हा.

कशाला हात लावायचा नाही

नोब्लेक्स मोटरवर चालतो, त्यात बॅटरी आणि तिचे संपर्क साफ करणं एवढंच आपलं काम. हॅसलब्लाडचा एक्सपॅन १९९८ चा, त्याची लेन्स फिरत नाही, फ्रेमच २४ बाय ६५ मिमी रुंद असते, शटर इलेक्ट्रॉनिक, म्हणजे वर लिहिलेलं ड्रमपुराण त्याला लागूच नाही. बॅटरी बदला, संपर्क पुसा, फिल्मच्या वाटेतली धूळ काढा, पुढं सर्व्हिसवाला. क्रास्नोगोर्स्कचाच अजून जुना एफटी २ कुठं मिळाला तर घ्यायच्या आधी त्याच्या खास धातूच्या कॅसेट सोबत आहेत का विचारा, साधी डबी त्यात बसत नाही आणि कॅसेट नसेल तर ती शोभेची वस्तू आहे.

दुरुस्तीला देणार असाल, मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात नाहीतर तुमच्या गावातल्या जुन्या माणसाकडं, तर नुसतं "पट्टे येतात" सांगू नका. तो स्लो मोशन व्हिडिओ, टेस्ट रोलची निगेटिव्ह आणि कुठल्या फ्रेमला कुठला स्पीड होता तो कागद सोबत न्या, आणि त्यानं आधी फिरत्या ड्रमचा कॅमेरा उघडलाय का हे सरळ विचारा. परत आल्यावर पैसे द्यायच्या आधी झाकण उघडून तिथंच दुकानात उजेडाकडं तोंड करून सगळे स्पीड चालवून बघा, त्याला राग येणार नाही, आला तर मग काय ते समजा. आणि घरी येऊन परत आभाळाचा एक टेस्ट रोल, तोच हिशोब, तीच वही.